जुहू चौपाटी, मे महिन्यातला रविवार आणि फक्कीच्या रेघेमागची पावभाजी

आधी खूण सांगतो. चौपाटीवरच्या खाऊच्या स्टॉलांची नावं बाहेरगावच्या माणसाला एकसारखीच वाटतात आणि पाट्या वाचत उभे राहिलात तर कुणीतरी हाताला धरून भलतीकडेच नेऊन बसवतं. समुद्राकडे तोंड करून उभे राहा, उजव्या हाताची रांग धरा आणि खाली जमिनीकडे बघत चाला. एका स्टॉलसमोर पांढऱ्या फक्कीने मारलेली रेघ दिसेल, शाळेच्या मैदानावर खो-खोसाठी मारतात तशी. तिच्या एका टोकाला गळ्यात शिट्टी अडकवलेला आणि हातात वही घेतलेला विशीतला मुलगा उभा असतो. तोच स्टॉल.

मी बेस्टमध्ये एकतीस वर्षं काढली. सत्तावीस वर्षं कंडक्टर, शेवटची चार स्टार्टर, म्हणजे स्टॉपवरून गाड्या वेळेवर सोडणारा. कुठे खायला गेलो की घरची माणसं भाजीची चव बघतात आणि माझं लक्ष रांगेकडे जातं. रांग कुठून सुरू होते, कुठे मोडते, पुढचा माणूस बाहेर कुठून पडतो. या स्टॉलची रांग मला इतकी आवडली, की घरी आल्यावर नातीकडून मोबाइलवर मराठी टायपिंग शिकून हे लिहितोय.

नाशिकहून मेव्हणा, त्याची बायको, दोन मुलं आणि आमच्या सासूबाई आल्या होत्या. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी समुद्र शेवटचा कधी पाहिला ते त्यांनाही आठवेना. त्यामुळे जुहूला जायचं हे येण्याआधीच ठरलं होतं. मी म्हटलं, बुधवारी जाऊ. पण मेव्हण्याला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. मग रविवार. आणि मी कॅलेंडर बघितलं तर तिथी नवमी.

तिथी का बघितली ते सांगायला हवं, कारण जुहूच्या गर्दीचं अर्धं गणित त्यात आहे आणि मुंबईत आयुष्य काढलेल्यांनाही ते ठाऊक नसतं. आमचं गाव देवगडजवळ. वडिलांनी लहानपणी शिकवलेलं, तिथीला पाऊणपट कर, भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण बाराच्या सुमाराला. मग रोज पाऊण-पाऊण तास पुढे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. नवमीला नऊची पाऊणपट म्हणजे पावणेसात. हिशेब ढोबळ आहे, थोडं मागेपुढे होतं, पण संध्याकाळ कशी जाणार ते कळायला पुरतं.

आता बघा. मे महिन्यात मुंबईत सूर्य सातच्या जरा नंतर बुडतो. उन्हामुळे पाचच्या आधी वाळूवर कुणी पाय ठेवत नाही. म्हणजे अख्ख्या मुंबईची आणि सुट्टीला आलेल्या गावोगावच्या पाहुण्यांची गर्दी येते ती साडेपाच ते आठ. नवमीला नेमकं त्याच वेळी पाणी वर चढत असतं. माणसं वाढत जातात आणि वाळू आक्रसत जाते. भांगाची, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराची कमी जोराची भरती असल्यामुळे लाट काही फार उंच येत नाही, पण पावणेसातला जागा कमी पडते ती पडतेच. हेच पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या रविवारी गेलात तर संध्याकाळी सहा-सव्वासहाला ओहोटी असते आणि वाळू दूरवर मोकळी मिळते. माणसं तेवढीच, पण अंगाला अंग लागत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त उतरतं, तेव्हा त्या ओहोटीत मुलांना मात्र घोट्याच्या पुढे जाऊ देऊ नका, पाणी ओढून नेतं.

सांताक्रूझ पश्चिमेहून नातीसकट आम्ही आठ जणांनी २३१ नंबरची बस पकडली आणि चौपाटीच्या स्टॉपला उतरलो तेव्हा साडेपाच झाले होते. गाडीबद्दल लांबण लावत नाही. ९ मे २०२५ पासून साधं तिकीट कमीत कमी १० रुपये आणि एसी गाडीचं १२, आठ माणसांना ते रिक्षापेक्षा स्वस्तच पडतं. उतरल्यावर मात्र रस्ता ओलांडायलाच सात-आठ मिनिटं लागली. गाड्या पार्किंगसाठी कूर्मगतीने पुढे सरकत होत्या आणि फुगेवाले, मक्याची कणसं भाजणारे, चटया भाड्याने देणारे मधेच बसलेले.

सासूबाईंना वाळूत चालवेना. मी एका बाजूने धरलं, हिने दुसऱ्या बाजूने. पाण्याजवळ नेलं. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि लाट पायावर घेतली. मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मुलं ओरडत होती, जीवरक्षक शिट्ट्या फुंकत होते, शेजारी कुणाचं तरी व्हिडिओ शूटिंग चाललं होतं. त्यांचं कुठेच लक्ष नव्हतं. मला म्हणाल्या, "जावईबापू, एवढ्या माणसांतही हा आपला एकटाच आहे हो." मी काय बोलणार.

सव्वासहाला पाणी जवळ यायला लागलं, तसं मी सगळ्यांना वर काढलं. मेव्हणा कुरकुरला, "दाजी, आत्ता तर आलोय." पण वर यायची वेळ तीच असते. एकदा पाण्याने ढकलल्यावर सगळेच एकदम वर सरकतात आणि मग खाऊच्या रांगांत उभं राहायला जागा उरत नाही.

स्टॉलांच्या तोंडाशी मेनूकार्ड घेऊन मुलं उभी असतात. "आइए अंकल, बैठिए, सब मिलेगा." पोटासाठी उभी असतात, मुलांवर माझा राग नाही. पण एका स्टॉलच्या पोराने सासूबाईंचा दंड धरून ओढलं आणि त्या घाबरल्या. हे चूक आहे. नाव लिहीत नाही, पण बसलेल्या गिऱ्हाइकाला अर्धा तास पाणी न देता आणखी माणसं आत ओढत राहायचं, हे मी त्याच संध्याकाळी तीन ठिकाणी पाहिलं.

फक्कीच्या रेघेपाशी आलो तर मुलाने आधी माणसं मोजली. "आठ? आजी आहेत बरोबर? बसायला चारच खुर्च्या मिळतील काका, बाकीच्यांना उभं राहायला लागेल. चालेल का?" मी हो म्हटल्यावर वहीत लिहिलं आणि मला पत्र्याचा बिल्ला दिला, नंबर १४. म्हणाला, "आत्ता नववा चाललाय. वीस मिनिटं धरा." मग एक प्लास्टिकचं स्टूल आणून सासूबाईंना रेघेच्या आतल्या बाजूला बसवलं. बाकी कुणालाही त्याने रेघेच्या आत येऊ दिलं नाही, मलासुद्धा.

ही वीस मिनिटं सांगणं किती मोठी गोष्ट आहे, ते स्टॉपवर उभ्या राहणाऱ्याला विचारा. स्टार्टर असताना मी हेच शिकलो. गाडीला पंचवीस मिनिटं आहेत असं तोंडाने सांगितलं की माणूस बसतो, चहा पिऊन येतो, घरी फोन करतो. काहीच सांगितलं नाही तर दहाव्या मिनिटाला केबिनची काच वाजवतो. उशीर तेवढाच असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे येणं आणि जाणं वेगळं. आमच्या काळी बसमध्ये मागून चढायचं, पुढून उतरायचं. हा नियम मी हजारो वेळा ओरडून सांगितला असेल. दोन्ही दारांनी दोन्ही प्रकारची माणसं घुसली की मधली गाडी रिकामी राहते आणि दारात मात्र चेंगराचेंगरी होते. या स्टॉलवर ऑर्डर डाव्या हाताला द्यायची, तिथेच पैसे द्यायचे, बिल्ला पुकारला की मधून आत जायचं, खाऊन झालं की उजव्या बाजूने बाहेर. हात धुवायचा पिंप आणि कचऱ्याचा डबा त्या उजव्या वाटेवरच. म्हणजे हात धुवायला आलेला माणूस परत आत वळतच नाही, आपोआप बाहेर पडतो. पिंप कुठे ठेवायचा एवढ्या एका गोष्टीत किती विचार आहे!

समोरासमोर येणारी गर्दी काय करते ते या शहराने पाहिलंय. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं गेली. पावसामुळे पुढची माणसं बाहेर पडेनात आणि मागून लोकलची माणसं जिन्यावर येतच राहिली. मागच्याला कळतच नाही की पुढचा थांबलाय. तो आपला पुढे रेटत राहतो, त्याच्या मनात वाईट काही नसतं. ४ जुलै २०२४ ला विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बघायला मरीन ड्राइव्हवर लोटलेली गर्दी मी टीव्हीवर पाहिली. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेल्या चपलांचे ढीग दाखवत होते. माझी बायको म्हणाली, एवढ्या चपला कशा विसरतात लोक? विसरत नाहीत. पाय निघून येतो, चप्पल मागे अडकते आणि वाकून उचलायला जागा नसते. वाकला तो गेला.

आता भाजीकडे येतो. तवा मोठा, एका वेळी बारा-पंधरा प्लेटची भाजी त्यावर. बटाटा आणि टोमॅटो कालथ्याने ठेचत राहणारा माणूस एक, पाव भाजणारा दुसरा, कांदा-लिंबू लावून प्लेट पुढे सारणारी बाई तिसरी. कुणी कुणाच्या कामात हात घालत नव्हतं. भाजी दाट, मटार शिजून विरघळलेले नव्हते, सिमला मिरचीचा वास शेवटी येतो तसा आला. तिखट बेताचं. सासूबाईंसाठी बिनतिखट सांगितली, तर पहिल्या घासात त्यांनी मान डोलावली. पाव लादीतून तोडून तिथल्या तिथे बटरमध्ये भाजलेले, कडेला कुरकुरीत. मसाला पाव मला जड गेला, बटर हाताला ओघळत होतं. ते त्यांनी कमी करावं. पावभाजी १६० रुपये, जादा पावाची जोडी ४०. चौपाटीच्या मानाने ठीक. बिल्ला घेतल्यापासून पहिली प्लेट हातात येईपर्यंत बावीस मिनिटं लागली. घड्याळ लावून बघितलं.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितोय ती त्यानंतर घडली. आमचं खाणं अर्ध्यावर होतं. सातला पाच-सात मिनिटं असतील. पाणी चढलं होतं, सूर्य खाली आला होता आणि खालची सगळी माणसं एकाच वेळी वर निघाली. मी खाता खाता थांबलो, कारण ती गर्दी मला ओळखता येते. माणसं चालत नसतात, सरकत असतात. खांदे हलतात, पाय दिसत नाहीत. रेघेच्या बाहेर रांगेच्या दोन रांगा झाल्या, मग रांग राहिलीच नाही. मुलाने दोनदा शिट्टी मारली आणि गल्ल्यावरच्या मालकाकडे बघितलं. मालकाने तव्याकडे बघितलं, बाहेर बघितलं आणि हात आडवा केला. मुलगा ओरडला, "ऑर्डर बंद! वीस मिनट कोई पैसा नहीं लेंगे. वीस मिनिटं ऑर्डर बंद आहे! उजवीकडची वाट मोकळी करा."

माणसं पैसे हातात धरून उभी होती. शंभराच्या, पाचशेच्या नोटा पुढे आलेल्या, मोबाइल स्कॅन करायला पुढे आलेले. वर्षातला सगळ्यात जास्त धंद्याचा महिना, आठवड्यातला सगळ्यात जास्त धंद्याचा तास. त्या वीस मिनिटांत त्याने किती प्लेटी सोडल्या असतील? एकाने शिवी दिली. एक बाई म्हणाली, एवढा माज? मालक काही बोलला नाही. घेतलेल्या नंबरांच्या प्लेटी तेवढ्या निघत राहिल्या आणि मुलगा उजव्या वाटेवरून खाऊन झालेल्यांना एकेक करून बाहेर काढत राहिला. शेजारचे बोलावतच होते, गर्दी तिकडे वळली. इथे दहा मिनिटांत श्वास घेण्याइतकी जागा झाली.

हे किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. गाडी भरली की कंडक्टरने घंटीचे दोन टोले द्यायचे आणि निघायचं. स्टॉपवर माणसं उभी असतात, पाऊस असतो, कुणाच्या कडेवर पोर असतं, ती तुमच्याकडे बघत असतात. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी अनंत चतुर्दशीला मला ते जमलं नाही. एक घ्या, अजून एक घ्या, असं करत मी घेतली माणसं. पुढच्या स्टॉपला उतरताना एक म्हातारी फूटबोर्डवरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. ती मला काहीच बोलली नाही. उलट म्हणाली, पोरा, तुझी काय चूक? चूक माझीच होती, टोला मला द्यायचा होता. त्यानंतर कितीही शिव्या खाल्ल्या तरी भरलेल्या गाडीत मी माणूस घेतला नाही. त्या मालकाचा आडवा हात बघितला आणि मला ती म्हातारी आठवली. हात धुऊन झाल्यावर मी वळसा घालून गल्ल्यापाशी गेलो आणि त्याला सांगितलं, "तुम्ही बरोबर केलंत." त्याने नुसती मान हलवली. कामात होता.

आणखी एक. गल्ल्याच्या खांबाला दोरीने एक काळा मार्कर बांधलेला आहे. आधी मला वाटलं हिशेबाचा असेल. तर मुलाने नातीला जवळ बोलावलं, मला नंबर विचारला आणि तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला माझा मोबाइल नंबर लिहिला. प्रत्येक लहान मुलाला लिहितात, गिऱ्हाईक असो वा नसो. म्हणाला, "काका, सुट्टीत रोज एखाददुसरं पोर हरवतं. नाव सांगतात, घर सांगतात, नंबर नाही सांगता येत." पोलिसांकडे पोचवलेलं मूल अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटांत आईकडे जातं ते या नंबरामुळे. तुम्ही कुठल्याही चौपाटीवर जा, एवढं घरून निघतानाच करा. पेन घामाने पुसतं, मार्करच घ्या.

उणिवाही सांगतो, कारण मालकाने वाचलं तर सुधारता येतील. दरपत्रक गल्ल्याच्या वर आहे, रांगेतून दिसत नाही. त्यामुळे प्रत्येकजण खिडकीशी येऊन विचार करतो आणि तिथे दोन-दोन मिनिटं जातात. दरपत्रक रेघेच्या सुरुवातीला लावलं तर रांग बरीच लवकर सरकेल. चार खुर्च्या अगदीच कमी, निदान म्हाताऱ्यांसाठी एक बाकडं हवं. पिण्याचं पाणी बाटलीतलंच, साधं नाही. बिल्ले पुकारतात ते नुसत्या आवाजाने, ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा नंबर जाईल. आमच्या मागच्या एका आजोबांचा गेला होता, मी त्यांना सांगितलं म्हणून कळलं. पाटीवर खडूने चालू नंबर लिहिला तरी पुरे.

बायकांच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न स्टॉलचा नाही, पण जाणाऱ्याने तो धरून चालावा. तिथली रांग आमच्या खाण्याच्या रांगेपेक्षा मोठी होती. ही आणि मेव्हण्याची बायको पस्तीस मिनिटांनी परतल्या. सासूबाईंना आम्ही निघायच्या आधीच पाणी कमी प्यायला लावलं होतं आणि ते मला अजून टोचतंय. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने मे महिन्याच्या उन्हात तहान मारायची, समुद्र बघायला मिळावा म्हणून. एवढी माणसं येणार हे दरवर्षी माहीत असतं. मे महिना अचानक येत नाही. सुट्टीच्या दिवसांपुरती फिरती स्वच्छतागृहं वाढवली तरी किती फरक पडेल.

पावसाळ्यात जाणार असाल तर वेगळं बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्टच्या दिवशी चौपाटीवर फक्त सकाळी ६ ते १० थांबता येईल, असा नियम महापालिकेने जुलै २०२२ मध्ये काढला होता. त्या दिवसांत जीवरक्षकाने मागे हो म्हटलं की मागे व्हायचं, वाद घालायचा नाही. तोही भरलेल्या गाडीचा टोलाच देत असतो.

आम्ही पावणेआठला निघालो. स्टॉपवर रांग अशी नव्हतीच, नुसता घोळका होता. सवयीने मी पुढे होऊन "रांगेत या, म्हाताऱ्यांना पुढे घ्या" असं ओरडलो आणि लोक खरंच रांगेत आले. सासूबाईंना बसायला जागा मिळाली. पिशवीत त्यांनी मूठभर वाळू रुमालात बांधून घेतली होती, नाशिकला तुळशीत घालायला.

मेव्हण्याच्या मुलांचा काला खट्टा गोळा राहून गेला, म्हणून ती दोघं सुट्टीभर आमच्याकडेच थांबली आहेत. पुढच्या रविवारी प्रतिपदा आहे. भरती पाऊण वाजता, ओहोटी सातच्या सुमाराला. पाचला निघू, आधी वाळू आणि मग फक्कीची रेघ. दरपत्रक खाली लावलंय का तेही बघून येईन.